माझ्या लॉनचा मताधिकार

गेल्या शनिवारी सकाळी दहा वाजता दारावरची घंटा वाजली. दार उघडले तर समोर उभ्या असलेल्या बाईंनी हसतमुखाने आमच्या घराच्या आधीच्या मालकाची चौकशी केली. ते गृहस्थ सहा वर्षांपूर्वी हे घर मला विकून फ्लोरिडाला राहायला गेले, असे मी सांगताच बाईंचा चेहरा जवळच्या नातेवाइकाची वाईट बातमी कळावी तसा उतरला. त्यांच्या फोनमधल्या मतदारयादीत ते अजून येथेच राहत होते, आणि आतून कडी काढून बाहेर आलेला मी मात्र येथे राहतच नव्हतो.

बाई आमच्या गावच्या शाळा मंडळाच्या सदस्य आहेत. न्यू जर्सीतल्या बहुतेक गावांत हे मंडळ लोकांनी निवडून दिलेले असते. आमच्या मंडळात नऊ जण आहेत, मुदत तीन वर्षांची असते आणि मतपत्रिकेवर कोणत्याही पक्षाचे नाव नसते. बाईंच्या दोन मुदती संपत आल्या असून ४ नोव्हेंबरला त्या तिसऱ्यांदा उभ्या आहेत.

फ्लोरिडाच्या धक्क्यातून सावरल्यावर त्यांनी विचारले, "मग तुमचे मत मी गृहीत धरू ना?" मी अमेरिकेचा नागरिक नाही, एच-वन-बी व्हिसावर आहे, असे मी शक्य तितक्या दिलगिरीने सांगितले, का कोण जाणे, पण हे वाक्य उच्चारताना मला नेहमी गृहपाठ घरी विसरल्यासारखे वाटते. बाईंनी माझ्या डोळ्यांदेखत फोनवर बोटाने एक फराटा ओढला. मग त्यांची नजर माझ्या खांद्याच्या बाजूने घसरत लॉनवर गेली आणि चेहऱ्यावर पुन्हा उजेड पडला. "पण तुमचे घर कोपऱ्यावर आहे!" त्या म्हणाल्या. दोन्ही रस्त्यांवरून दिसेल अशी त्यांच्या नावाची पाटी तेथे लावायची होती. माझे मत नको होते, ते मला देताही येत नव्हते. माझे गवत मात्र हवे होते.

एवढ्यावर प्रकरण पाच मिनिटांत मिटले असते. परंतु आतून माझे सासरे आले. अण्णा सातारा जिल्हा परिषदेच्या शाळांत सदतीस वर्षे नोकरी करून केंद्रप्रमुख म्हणून निवृत्त झाले आहेत, आणि मतदान केंद्राध्यक्ष या नात्याने त्यांनी इतक्या रात्री शाळेच्या बाकांवर काढल्या आहेत की निवडणुकीचा वास आला की त्यांना घरात बसवत नाही. सहा महिन्यांच्या मुक्कामात त्यांना प्रथमच स्वतःच्या विषयातले माणूस भेटत होते.

"जावईबापू, या बाईंना पगार किती?"

"पगार नसतो, अण्णा. या राज्याचा कायदाच तसा आहे."

"मानधन?"

"नाही."

"सभेचा भत्ता तरी?"

"तोही नाही."

अण्णांनी बाईंकडे नव्याने पाहिले. त्या पाहण्यात आदर नव्हता. एखाद्या मुख्याध्यापकाने न मागताच हिशेबाची वही पुढे केली, की मुरलेल्या केंद्रप्रमुखाच्या डोळ्यांत जी चमक येते, ती मला त्यांच्या डोळ्यांत दिसली. "मग शाळाखोल्यांच्या बांधकामाचे टेंडर कोणाकडे आहे, ते विचारा."

मी इंग्रजीत विचारले, "इमारतींच्या देखभालीकडे तुमचे विशेष लक्ष असते का, असे माझे सासरे विचारतात."

बाईंना एवढा सुजाण प्रश्न त्या दिवशी कोणी विचारला नसावा. मिडल स्कूलचे छप्पर आपण कसे बदलून घेतले, याची हकीकत त्यांनी अत्यंत तपशीलवार सांगितली. मी अण्णांना "छप्पर नवीन घातले म्हणतात" इतकाच सारांश दिला.

"पत्रा किती गेजचा?" अण्णा म्हणाले.

हा प्रश्न मी "ते तुमचे अभिनंदन करतात" असा भाषांतरित केला. नंतर अण्णांनी पोषण आहाराचा तांदूळ कोण उचलतो, हे विचारले आणि मी मुलांच्या जेवणाविषयी त्यांना फार आस्था असल्याचे कळवले. बाईंनी छातीवर हात ठेवला. दोन्ही बाजूंचा एकमेकांविषयीचा ग्रह माझ्या भाषांतरामुळे क्षणाक्षणाला दृढ होत होता. अण्णांच्या मते बाई काहीतरी दडवत होत्या, बाईंच्या मते अण्णा हे थोर शिक्षणप्रेमी होते, आणि यातले दुसरे मत निदान खरे होते.

मग बाईंनी आपल्या कारकिर्दीतली सर्वांत मोठी कामगिरी सांगितली. सहा वर्षांत शाळेचा कर एकाही वर्षी दोन टक्क्यांच्या वर वाढू दिला नाही, असे त्यांचे म्हणणे होते. वास्तविक ही दोन टक्क्यांची मर्यादा राज्याच्या कायद्यानेच २०१० साली घातली आहे. अपवादाची काही कलमे सोडली, तर ती ओलांडायला मतदारांची संमती लागते. उलट मर्यादेच्या आत राहिले, तर नोव्हेंबरात निवडणूक घेणाऱ्या गावांना अंदाजपत्रक मतदारांपुढे ठेवावेसुद्धा लागत नाही. तेव्हा हे कर्तृत्व साधारणपणे लाल दिव्याला गाडी थांबवल्यासारखे होते. मी हे बोललो नाही. ज्याच्या नावावर फराटा ओढला गेला आहे, त्याने फार बोलू नये असे मला वाटले, आणि न बोलल्याचा पश्चात्ताप अजून होतो आहे.

अण्णांना मात्र कोणी फराटा मारलेला नव्हता. "यांना सांगा," ते म्हणाले, "आमच्याकडे जिल्हा परिषदेवर २०२२ साली प्रशासक बसला, ते सोडा. पण २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेला व्यवस्थापन समिती दिली आहे. तीत पंचाहत्तर टक्के पालक आणि निम्म्या बायका. पोरगे शाळेत आहे ना, मग बाप कोणत्या गावचा, हे कोणी विचारत नाही. कर्नाटकातून गवंडीकामाला आलेला एकजण माझ्या केंद्रातल्या शाळेच्या समितीवर तीन वर्षे होता."

मी हे सगळे शब्दशः सांगितले. त्या दिवशी मी प्रामाणिकपणे केलेले भाषांतर ते एवढेच. बाई "किती सुंदर!" असे म्हणाल्या आणि पाटी आणायला गाडीकडे गेल्या.

त्या गेल्यावर अण्णांनी हळूच हेही सांगितले की, त्या समितीच्या निम्म्या सभा प्रत्यक्षात होत नसत आणि शिपाई इतिवृत्ताची वही घरोघर फिरवून सह्या गोळा करी. "पण सही त्या गवंड्याचीच लागायची," ते म्हणाले.

पाटी रोवून झाल्यावर बाईंनी अण्णांना तिच्याशेजारी उभे केले. फोटो मी काढला. संध्याकाळी तो त्यांच्या प्रचाराच्या पानावर झळकला आणि खाली 'गावातल्या ज्येष्ठ रहिवाशांचा पाठिंबा' असा मजकूर होता. अण्णा पर्यटक व्हिसावर आले असून पुढच्या महिन्यात परत जाणार आहेत. मी या गावात सहा वर्षे राहतो आहे आणि फोटोत माझी फक्त सावली आली आहे.

लॉनचे म्हणाल तर त्याची बाजू भक्कम आहे. मिझुरी राज्यातल्या लाडू नावाच्या गावात मार्गारेट गिलिओ या बाईंनी आखाती युद्धाविरुद्ध घरी पाटी लावली आणि गावाने ती बंद करू पाहिली, तेव्हा १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने एकमताने बाईंचा पक्ष घेतला. स्वतःच्या घरापुढची पाटी हा येथे फार मोठा हक्क समजला जातो. माझ्या लॉनला सर्वोच्च न्यायालयाचे संरक्षण आहे आणि मला कंपनीच्या वकिलाचे.

माझ्या घरपट्टीचा निम्म्याहून अधिक भाग शाळांकडे जातो, आणि ती भरताना नागरिकत्व कोणी विचारत नाही. याच न्यू जर्सीच्या १७७६ च्या राज्यघटनेने पन्नास पौंडांची मालमत्ता असलेल्या आणि वर्षभर कौंटीत राहिलेल्या सर्व रहिवाशांना मत दिले होते. अविवाहित स्त्रियाही तेव्हा मत देत. १८०७ साली कायदा करून तो हक्क गोऱ्या पुरुष नागरिकांपुरता उरवला गेला, म्हणजे मी दोनशे अठरा वर्षे उशिरा पोहोचलो. अर्थात त्या घरातले पन्नास पौंड माझे की बँकेचे, हा वाद तेव्हाही निघालाच असता. सॅन फ्रान्सिस्कोत राहणारा माझा मावसभाऊ माझ्यासारख्याच व्हिसावर, ग्रीन कार्डाच्या माझ्याच रांगेत आहे. परंतु त्या शहराने २०१६ साली कौल घेऊन नागरिक नसलेल्या पालकांना शाळा मंडळापुरते मत दिले, आणि तो दर खेपेला 'मी मत दिले' हा गोल स्टिकर शर्टाला लावून मला फोटो पाठवतो. आमच्याच राज्यातल्या न्यूअर्क शहरात तर २०२५ पासून सोळा वर्षांची मुलेसुद्धा शाळा मंडळासाठी मत देतात.

ग्रीन कार्डाच्या रांगेत माझी तारीख २०१६ ची आहे. एका देशाच्या वाट्याला साधारणपणे सात टक्क्यांहून अधिक कार्डे येत नाहीत, आणि कार्ड मिळाल्यावर नागरिकत्वासाठी आणखी पाच वर्षे थांबायचे असते. माझी तेरा वर्षांची मुलगी येथेच जन्मली असल्यामुळे ती माझ्या आधी मतदार होईल. बाई तोवर उभ्या राहत असल्या, तर फराटा न मारता तिची चौकशी करतील.

दरम्यान १ नोव्हेंबरला घरपट्टीचा तिमाही हप्ता भरायचा आहे आणि त्यानंतर तीन दिवसांनी मतदान आहे. अण्णा रोज सकाळी चहा झाला की बाहेर जाऊन वाऱ्याने कललेली पाटी सरळ करतात. बाईंविषयीचे त्यांचे मत बदललेले नाही, परंतु पाटीचे प्लॅस्टिक उत्तम आहे असे त्यांचे म्हणणे आहे. काल त्यांनी टेप घेऊन तिची लांबीरुंदी मोजली. निकाल लागला की ती बॅगेच्या तळाशी घालून साताऱ्याला न्यायची आणि कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकायची, असे ठरले आहे.