रोहयो (रोजगार हमी योजना) : आधी अर्ज, मग काम

‘गावात रोहयोचं काम निघाल्याशिवाय मागणी अर्ज करता येत नाही’ असा मजकूर सध्या मोबाइलवरून फिरतोय. हे साफ चुकीचं आहे, उलट आहे म्हणा ना. मजुरांनी नमुना 4 भरून काम मागायचं आणि त्या मागणीसाठी यंत्रणेनं काम काढायचं, असा क्रम 2005 च्या केंद्रीय कायद्यानं घालून दिला. महाराष्ट्राला तर ही रीत जुनी. 1972 च्या दुष्काळात विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी पुढे रेटलेल्या योजनेला 1977 मध्येच कायद्याचं रूप मिळालं.

खरी मेख आहे पोचपावतीत. अर्ज ग्रामपंचायतीत दिला की तारीख घातलेली, सहीची पावती घ्यायचीच. ‘राहू द्या, वहीत नोंद करतो’ यावर घरी परतू नका. 15 दिवसांत काम न मिळाल्यास बेकारी भत्ता देय होतो, आणि ते दिवस पावतीवरच्या तारखेपासूनच मोजता येतात. पावती नसेल तर ‘मागणीच नव्हती’ असं कागदोपत्री दाखवणं सोपं. 2005 च्या कायद्यात भत्त्याचा दर पहिले 30 दिवस मजुरीच्या किमान पाव, पुढे किमान निम्मा होता. त्याच्या जागी डिसेंबर 2025 मध्ये संसदेनं संमत केलेल्या नव्या कायद्यातही बेकारी भत्त्याची तरतूद आहे.

जॉबकार्डासाठी, म्हणजे मजूर म्हणून नोंदणीच्या कार्डासाठी, पैसे लागतात, हेही त्याच मजकुरात आहे. लागत नाहीत.