एकच सरळ मार्ग आणि त्याचे असंख्य वाटाडे

जावा ही संगणकभाषा सोडून पायथॉन या दुसऱ्या भाषेकडे वळलेल्या माणसाला पहिला धक्का बसतो तो इथल्या मंडळींच्या सौजन्याचा. माझ्या आधीच्या चमूत कोड आवडला नाही तर 'हे काय लिहून ठेवलंय?' असे तोंडावर विचारले जाई, आणि मग आपणही चार शब्द सुनावून मोकळे होत असू. पायथॉनवाले असे करीत नाहीत. ते पुल रिक्वेस्टखाली, म्हणजे 'माझा कोड सामील करून घ्या' या विनंतीखाली, आधी प्रयत्नांचे कौतुक करतात, एक हसरा चेहरा चिकटवतात, आणि मग 'पण हे तितकेसे पायथॉनिक (पायथॉनच्या वळणाचे) वाटत नाही' असे लिहून घरी जातात. इतक्या मऊ नकारावर चिडण्याचीही सोय नसते.

परवा एका यादीतील ग्राहकांची नावे अनुक्रमांकासह छापायची होती. जुन्या सवयीने मी रेंज आणि लेन यांची जोडी जुळवून, म्हणजे यादीची लांबी मोजून एकेक आकडा घेत, फॉर लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करणारी रचना) लिहिला. लगेच एका तरुण सहकाऱ्याची सूचना आली, 'सर, एन्युमरेट वापरा ना.' एन्युमरेट अनुक्रमांक आपोआप लावून देते; सूचना रास्त होती, मी मानली. त्यावर दुसऱ्याने सुचवले की लूप हवाच कशाला, लिस्ट कॉम्प्रिहेन्शन या यादी घडवणाऱ्या आटोपशीर रचनेत हे एका ओळीत बसते. ते बसवले, तेव्हा तिसऱ्या बाईंनी अत्यंत आस्थेने विचारले, 'ही ओळ सहा महिन्यांनी तुम्हाला तरी वाचता येईल का हो?' शेवटी जे मर्ज झाले, म्हणजे मूळ कोडमध्ये सामील झाले, ते पहिल्या सूचनेनंतरच्या कोडशी अक्षरशः जुळत होते. फरक इतकाच, की आता त्याला तिघांची संमती होती.

वास्तविक इथे मतभेदाला जागाच नसायला हवी. पायथॉनचे तत्त्वज्ञान टिम पीटर्स यांनी 1999 मध्ये सूत्ररूपाने लिहून ठेवले आहे, आणि 'इम्पोर्ट धिस' अशी आज्ञा दिली की ते पडद्यावर उमटते. सूत्रे 20 असल्याचे सांगितले जाते, लिहिलेली मात्र 19 आहेत. त्यांतले सर्वांच्या तोंडी असलेले सूत्र असे की, कोणतेही काम करण्याचा उघड दिसणारा मार्ग एक असावा, आणि शक्यतो एकच असावा. पुढच्याच ओळीत अशी पुस्ती आहे की तुम्ही डच नसाल तर तो मार्ग सुरुवातीला कदाचित दिसणार नाही. भाषेचे जनक गीदो व्हान रॉसम डच आहेत. आमच्या चमूत कोणीही डच नाही, हे या निमित्ताने नोंदवून ठेवतो. शिवाय सुवाच्यतेचा महिमा गाणारी ही सूत्रे ज्या फाइलमध्ये ठेवली आहेत, तिथे प्रत्येक अक्षर वर्णमालेत तेरा घरे पुढे सरकवलेले आहे. म्हणजे फाइल उघडून पाहणाऱ्याला एक शब्दही लागू नये.

बरे, मार्ग एकच म्हणावा, तर मजकुरात एखाद्याचे नाव घालायचे झाले तरी टक्क्याचे चिन्ह, फॉरमॅट, टेम्प्लेट आणि 3.6 आवृत्तीपासून आलेली एफ-स्ट्रिंग असे चार मार्ग समोर येतात. ओळीच्या लांबीचेही तसेच. पेप 8 या शैलीपत्रकात 79 अक्षरांची मर्यादा आहे, तर ब्लॅक नावाचे कोड नीटनेटका करणारे साधन 88 अक्षरे मान्य करते, आणि या नऊ अक्षरांच्या पट्ट्यावरून आमच्याकडे सीमातंटा चालू असतो. आंधळ्या सुसंगतीचा हट्ट धरू नका, असे पेप 8 मध्येच प्रारंभी बजावले आहे. तो भाग वाचलेला रिव्ह्यूअर (कोड तपासणारा) मला अद्याप भेटलेला नाही.

जावात कोडचे गट महिरपी कंसांत बांधतात, पायथॉनमध्ये ओळी आत सरकवून; या कंसांचा प्रश्न तेवढा खरोखर निकालात निघालेला आहे. भाषेतील 'फ्यूचर' या येऊ घातलेल्या सोयींच्या विभागातून कंस मागवून पाहा, पायथॉन 'अजिबात शक्यता नाही' अशा अर्थाची त्रुटी दाखवून तुम्हाला परत पाठवतो. इतका रोखठोक जबाब या समाजात फक्त यंत्रच देते. माणसे नम्रपणे वाद घालतात, आणि तो वाद किती थकवतो याची साक्ष खुद्द गीदो देतील. कोलन आणि बरोबरचे चिन्ह जोडून होणाऱ्या 'वॉलरस' या नव्या चिन्हावरून एवढे रण माजले, की प्रस्ताव स्वीकारल्यावर जुलै 2018 मध्ये त्यांनी 'तहहयात परोपकारी हुकूमशहा' हे पद सोडले. तहहयात हुकूमशहाला राजीनामा द्यायला लावण्याची किमया अन्य कोणत्या लोकशाहीला साधली असेल, असे वाटत नाही.

माझ्या वाट्याला आलेला ताजा छळ पॅकेज, म्हणजे इतरांनी लिहिलेला तयार कोड, बसवण्याचा आहे. कचेरीत नवा लॅपटॉप मिळाला, आणि एक साधी लायब्ररी कशी बसवावी असे मी जेवणाच्या टेबलावर विचारून बसलो. एकाने पिप हे बसवण्याचे साधन सांगितले, पण आधी व्हेन्व्ह (प्रकल्पापुरती वेगळी खोली) केल्याशिवाय नको, असे बजावून. दुसरा पोएट्री या साधनाचा अभिमानी निघाला. विदाशास्त्राकडील बाईंनी कोंडाखेरीज आपले पानही हलत नाही, असे सांगितले. अखेर सर्वांत धाकट्या मुलाने 'हे सगळं जुनं झालं' म्हणत यूव्ही बसवून दिले, आणि मी पाण्याचा पेला उचलेपर्यंत काम झालेही. इतके चपळ पायथॉन मी आजवर पाहिले नव्हते, असे म्हणालो, तेव्हा तो जरा अवघडून उत्तरला, 'ते रस्ट या दुसऱ्याच भाषेत लिहिलंय, सर.'

पलीकडच्या टेबलावरच्या रस्टवाल्याने हे ऐकले. आता तो रोज माझ्या शेजारी येऊन बसतो आणि डबा उघडण्याआधी लॅपटॉप उघडतो.