डाळ सोडून गुडघा वाचत नाही

आमच्या परभणीकडं कापूस वेचायला जाणाऱ्या बायांच्या फोनवर सध्या एक मेसेज फिरतोय: गुडघ्यातलं वंगण संपलं की हाडं घासतात. सांधे प्रोटीनमुळं झिजतात हे आता शास्त्रज्ञांनीच शोधलंय. म्हणून डाळ-अंडी सोडा, चालणं बंद करा, बाभळीच्या शेंगांची पूड घ्या, २१ दिवसांत वंगण परत भरेल. माझ्या मावशीनं तो वाचला आणि महिनाभर तुरीच्या वरणाला हात लावला नाही.

आधी वंगणाचं बघू. झिजलेल्या गुडघ्यात पाणी कमी नसतं, कित्येकदा जास्तच असतं. मावशीचा गुडघा सुजला तेव्हा डॉक्टरांनी सुईनं पिवळसर पाणी काढलं, अख्खी सिरिंज भरली. त्या पाण्याचा चिकटपणा कमी होतो, एवढं खरं. पण मुख्य नुकसान होतं ते हाडांच्या टोकांवरच्या कूर्चेचं, म्हणजे तिथल्या गुळगुळीत, लवचिक गादीचं.

प्रोटीनची गोष्ट मात्र अर्धी खरी आहे, म्हणूनच ती जास्त फसवते. कूर्चेत कोलेजन नावाच्या चिवट धाग्यांच्या जाळ्यात अ‍ॅग्रिकन नावाचं प्रथिन पाणी धरून बसलेलं असतं. त्या पाण्यामुळंच कूर्चा दाब झेलते. जुनी दुखापत, वाढलेलं वजन, वय, अनुवंश अशा कारणांनी सांध्यात दाह, म्हणजे आतली सूज, सुरू झाला की कूर्चेच्याच पेशी अ‍ॅडॅमटीएस-५ हे कातरणारं प्रथिन जास्त सोडू लागतात. ते अ‍ॅग्रिकन तोडतं. मग एमएमपी-१३ नावाचं दुसरं प्रथिन कोलेजनचं जाळं उसवतं. तुटलेले तुकडे सांध्याच्या अस्तराला चेतवतात, दाह आणखी वाढतो आणि कातरणं चालूच राहतं. २००५ मध्ये अ‍ॅडॅमटीएस-५ निकामी केलेल्या उंदरांची कूर्चा बरीच शाबूत राहिल्याचं दिसलं. तेच प्रथिन अडवणारी गोळी पुढं ९००हून जास्त रुग्णांना वर्षभर देऊन पाहिली. २०२० मध्ये निकाल आला: झीज थांबली नाही.

हे कातरणारं प्रथिन आपल्याच पेशी बनवतात. वरणातलं प्रथिन पोटात पचून सुटं होतं, ते सांध्यात कात्री बनून जात नाही. उलट डाळ सोडली तर मांडीचे स्नायू आणखी दुबळे होतात आणि गुडघ्याचा भार तर तेच उचलतात. ज्यांना यूरिक अ‍ॅसिडचा त्रास आहे त्यांचं पथ्य वेगळं, तो आजारच वेगळा.

बाभळीच्या पुडीनं कूर्चा परत येत नाही. कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात, मोठेपणी तिचं कोलेजन जवळजवळ बदलतच नाही. २१ दिवस कुठून पुरणार?

आणि चालणं बंद करणं तर सगळ्यात वाईट सल्ला. पाऊल टाकताना कूर्चा दबते, उचलताना फुगते, त्यातूनच तिला पोषण मिळतं. मावशी आता खुर्चीवर बसून पाय सरळ करते, पाचपर्यंत मोजून खाली ठेवते, दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा. वजनही उतरवतेय: एक किलो कमी झालं की दर पावलाला गुडघ्यावरचा साधारण चार किलो भार हलका होतो.

गुडघा लाल, गरम झाला, सोबत ताप आला, किंवा सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाच्या वर टिकला, तर घरी थांबू नका, डॉक्टरांना दाखवा. ते दुखणं झिजेचं नसूही शकतं.