टीव्ही घरी आला, पण चित्र अजून शोरूममधलंच आहे

नवा टीव्ही आला की आपण सगळं हौसेनं करतो. भिंतीवर लावून घेतो, वायफाय जोडतो, ॲप्सचे पासवर्ड भरतो आणि थेट सिनेमा लावतो. पिक्चरची सेटिंग्ज उघडून बघणं मात्र बहुतेक घरांत राहूनच जातं. खोक्यातून टीव्ही जसा निघाला तसाच तो पुढची सात-आठ वर्षं चालतो. मला हे मनापासून खटकतं. एवढे पैसे मोजून घेतलेला पडदा खरं काय दाखवू शकतो, हे त्या घरातल्या माणसांना कधी कळतच नाही.

शोरूममध्ये डोक्यावर दिव्यांचा लखलखाट असतो आणि एका भिंतीवर ओळीनं टीव्ही लावलेले असतात. त्या गर्दीत जो जास्त चमकेल, ज्याचं निळं जास्त निळं दिसेल, त्याच्याकडे गिऱ्हाईक आधी वळतं. व्हिव्हिड आणि डायनॅमिक हे मोड त्या स्पर्धेसाठीच बनवलेले आहेत. आपण मात्र टीव्ही रात्री, मंद उजेडात, एकटा बघतो. तिथे तोच भडकपणा डोळ्यांना शिणवतो. टीव्ही पहिल्यांदा चालू करताना तो घरी वापरायचा की दुकानात, असं विचारतो. तिथे ‘होम’च निवडा. घाईत ‘स्टोअर’ निवडलं गेलं, तर अनेक टीव्हींवर तुम्ही केलेले बदल थोड्या वेळानं आपोआप पुसले जातात आणि मग माणूस वैतागून सेटिंग्जचा नाद सोडतो.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर, चांगलं चित्र मिळवण्यासाठी टीव्हीत काही वाढवावं लागत नाही. टीव्हीनं स्वतःच्या मनानं चित्रात घातलेली भर काढून टाकावी लागते.

सगळ्यात आधी पिक्चर मोड बदला. सिनेमा, मूव्ही किंवा फिल्ममेकर मोड, तुमच्या टीव्हीत जे असेल ते. फिल्ममेकर मोड २०१९ मध्ये यूएचडी अलायन्स या संघटनेनं जाहीर केला. टीव्ही बनवणाऱ्या कंपन्या आणि सिनेमा बनवणारी मंडळी यांनी मिळून ठरवलेला तो मोड आहे. तो लावला की टीव्हीची बहुतेक ‘सुधारणा’ एका झटक्यात बंद होते. नुसतं एवढं केलंत तरी अर्धं काम झालं.

पण इथेच लोक माघार घेतात. मोड बदलल्यावर चित्र पिवळट आणि मळकट वाटतं, घरातलं कुणीतरी म्हणतं, ‘हे काय करून ठेवलंस, आधीचं छान होतं.’ कृपा करून लगेच मागे फिरू नका. सिनेमे आणि मालिकांचे रंग ज्या स्टुडिओत पक्के केले जातात, तिथल्या मॉनिटरचा पांढरा रंग ठरलेला असतो. त्याला डी-६५ म्हणतात, साधारण ६५०० केल्विन. टीव्हीतल्या कलर टेम्परेचर या सेटिंगनं पांढऱ्याची छटा ठरते. त्यातलं ‘वॉर्म’ बहुधा त्याच्या जवळ जातं. वॉर्म १ आणि वॉर्म २ असे दोन पर्याय असतील तर सहसा दुसरा. ‘कूल’ म्हणजे त्यावर निळ्याचा थर. आपले डोळे त्या निळसर पांढऱ्याला सरावलेले असतात, म्हणून खरा पांढरा आपल्याला पिवळा वाटतो. आठवडाभर तसंच राहू द्या आणि मग मुद्दाम एकदा कूलवर जाऊन बघा.

बघायचं कुठे, तेही सांगते. आकाश, समुद्र, फुलं बघू नका, ती भडक केली तरी छानच दिसतात. माणसाचा चेहरा बघा. टेबललॅम्पच्या उजेडात बसलेल्या एखाद्या म्हाताऱ्या बाईचा क्लोजअप घ्या. कूलवर तिचे पांढरे केस निळसर होतात, गालावरची लाली जाते, त्वचा मेण लावल्यासारखी सपाट दिसते. वॉर्मवर कपाळावर पडलेला दिव्याचा उबदार उजेड वेगळा दिसतो आणि डोळ्यांखालची सावली वेगळी. सुरकुत्यांना खोली येते. त्या दृश्यासाठी दिवा कुठे ठेवायचा, यावर छायाचित्रकारानं डोकं खपवलेलं असतं. ते आपल्यापर्यंत पोचलंच नाही, तर नव्या टीव्हीचा उपयोग काय?

आता ज्या एका सेटिंगवर माझा सगळ्यात जास्त राग आहे, त्याबद्दल. मोशन स्मूदिंग. प्रत्येक कंपनीनं त्याला वेगळं नाव दिलंय. एलजीवर ट्रूमोशन, सोनीवर मोशनफ्लो, सॅमसंगवर ऑटो मोशन प्लस किंवा नव्या टीव्हींवर पिक्चर क्लॅरिटी. काम एकच. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेम्सनी चित्रित होतो, बोलपट आल्यापासून हाच रिवाज आहे. टीव्हीचं पॅनेल मात्र सेकंदाला ६० किंवा १२० वेळा चित्र बदलू शकतं. मग टीव्ही दोन खऱ्या फ्रेम्सच्या मधल्या फ्रेम्स अंदाजानं स्वतःच तयार करतो. कॅमेऱ्यानं कधीच न टिपलेल्या! परिणाम असा, की कोट्यवधी खर्चून केलेला सिनेमा रोजच्या मालिकेसारखा दिसायला लागतो. सगळं गुळगुळीत, घाईघाईनं सरकणारं, सेटवर उभं राहून शूटिंग बघतोय असं वाटणारं. नट चेहऱ्यासमोरून हात फिरवतो तेव्हा नीट बघा, बोटांच्या कडेनं चेहरा क्षणभर विरघळल्यासारखा होतो. तिथे टीव्हीचा अंदाज चुकलेला असतो.

२०१८ च्या डिसेंबरमध्ये टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅक्वेरी यांनी खास व्हिडिओ करून, सिनेमा बघताना हे बंद करा, अशी प्रेक्षकांना विनंती केली होती. एवढ्या मोठ्या नटाला टीव्हीच्या मेनूबद्दल बोलावं लागतं, यातच सगळं आलं. मॅचला हे हवंच, असं बरेच जण म्हणतात. खेळाचं थेट प्रक्षेपण मुळातच सेकंदाला ५० किंवा ६० वेळा टिपलेलं असतं, त्यामुळे तिथेही त्याची फारशी गरज पडत नाही. एक अपवाद मी मान्य करते. ओलेड पडद्यावर, म्हणजे ज्यात प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो अशा पडद्यावर, पिक्सेल (ठिपके) इतक्या झटपट बदलतात, की कॅमेरा संथपणे आडवा फिरतो तेव्हा २४ फ्रेम्सचं चित्र अडखळत सरकताना दिसतं. ज्यांना ते फारच खुपतं त्यांनी ही सेटिंग अगदी खालच्या पायरीवर ठेवावी. त्याहून वर नको.

शार्पनेसबद्दल मोठा गैरसमज आहे. तो वाढवला की तपशील वाढतो असं वाटतं, पण जो तपशील चित्रात नाही तो टीव्ही आणणार कुठून? तो फक्त प्रत्येक कड गिरवतो. सबटायटलची अक्षरं जवळ जाऊन बघा, त्यांच्याभोवती एक फिकट रेघ उमटलेली दिसेल. शार्पनेस हळूहळू कमी करत जा, ती रेघ गेली की थांबा. बऱ्याच टीव्हींवर ही जागा शून्याजवळ असते. सोनीवर ५० हा मधला आकडाच तटस्थ असतो, तिथे शून्यावर नेलंत तर चित्र धूसर होईल.

ब्राइटनेस आणि बॅकलाइट यांत तर हमखास गोंधळ होतो. पडद्याचा एकूण उजेड बॅकलाइट ठरवतो, तो खोलीप्रमाणे दिवसा जास्त आणि रात्री कमी ठेवा. पारंपरिक ब्राइटनेस मात्र काळा किती काळा दिसावा ते ठरवतो. काही कंपन्यांनी आता त्यालाच ब्लॅक लेव्हल म्हटलंय आणि ब्राइटनेस हे नाव बॅकलाइटला देऊन टाकलंय, तेव्हा बदल करताना पडद्यावर काय होतंय तिकडे लक्ष ठेवा. रात्रीच्या प्रसंगात काळा कोट घातलेला माणूस शोधा. कोटाच्या घड्या दिसेनाशा होऊन नुसता काळा डाग उरला, तर सेटिंग फार खाली आहे. कोट राखाडी दिसायला लागला तर फार वर. कॉन्ट्रास्टसाठी हेच उलट करा, उन्हातला पांढरा सदरा किंवा ढग घ्या आणि त्यांच्यातला पोत दिसतोय का ते बघा. नॉइज रिडक्शन (चित्रातली खरखर पुसणारं), डायनॅमिक कॉन्ट्रास्ट (प्रसंगागणिक उजेड-काळोख आपोआप बदलणारं) वगैरे चांगल्या प्रतीच्या सिनेमासाठी बंद. जुन्या, खरखरीत रेकॉर्डिंगला नॉइज रिडक्शनचा थोडा उपयोग होतो.

हे सगळं करूनही चित्र खराब दिसत असेल, तर टीव्हीला दोष देण्याआधी त्यात काय येतंय ते तपासा. साध्या एसडी चॅनलच्या चित्रात ७२० गुणिले ५७६, म्हणजे सुमारे ४ लाख १५ हजार ठिपके असतात. फोरके पडद्यावर जवळपास ८३ लाख. म्हणजे एकेका ठिपक्यावरून टीव्हीला वीस ठिपके भरायचे असतात. तिथे धूसरपणा येणारच. निदान एचडी चॅनल घ्या, आणि सेट-टॉप बॉक्सच्या मेनूत जाऊन आउटपुट १०८० वर आहे ना, ते बघा. एचडीचे पैसे भरायचे आणि बॉक्स ५७६ वरच, हेही होऊ शकतं. ओटीटीवर फोरके हवं असेल तर तुमच्या प्लॅनमध्ये ते असायला हवं, शिवाय नेटचा वेग पुरेसा लागतो. नेटफ्लिक्स फोरकेसाठी १५ एमबीपीएस सांगतं.

बातम्यांच्या चॅनलवर खालची पट्टी अर्धवट कापलेली दिसते का? मग ओव्हरस्कॅन चालू आहे. जुन्या पिक्चर ट्यूबच्या काळातली ही सवय, त्यात चित्र किंचित फुगवून कडा झाकल्या जायच्या. आजच्या पडद्यावर त्यानं फक्त स्पष्टपणा जातो. जस्ट स्कॅन, फिट टू स्क्रीन, फुल पिक्सेल अशा नावांनी हा पर्याय सापडेल. आणि महागड्या एचडीएमआय केबलनं रंग सुधारतात यावर विश्वास ठेवू नका. हवा तेवढा डेटा वाहून नेणारी साधी केबल अगदी तेच चित्र देते.

अंतराबद्दल थोडंसं. ५५ इंची पडद्याची उंची साधारण ६८ सेंटीमीटर असते. एवढ्या पडद्यावर फुल एचडीचे ठिपके डोळ्याला वेगळे दिसणं साधारण सव्वादोन मीटरवर थांबतं. तुमचा सोफा त्याहून बराच मागे असेल, तर फोरकेचा जादा तपशील तुमच्या डोळ्यांपर्यंत पोचत नाही. म्हणूनच मी ठिपक्यांच्या संख्येपेक्षा रंग आणि काळेपणा यांच्यामागे लागते, त्यांचा फरक खोलीच्या दुसऱ्या टोकावरूनही कळतो. खिडकी पडद्याच्या समोर येऊ देऊ नका. रात्री पूर्ण अंधार करण्यापेक्षा टीव्हीच्या मागे एक मंद पांढरा दिवा ठेवा, डोळे कमी थकतात आणि काळा रंगही अधिक गडद भासतो.

इंटरनेटवर कुणीतरी टाकलेले व्हाइट बॅलन्सचे, म्हणजे पांढऱ्याची छटा बारकाईनं जुळवण्याचे, आकडे जसेच्या तसे उतरवू नका. एकाच मॉडेलच्या दोन पॅनेलमध्येही फरक असतो, ते आकडे त्या माणसाच्या टीव्हीचे. आणि शेवटचं, बऱ्याच टीव्हींवर ही सेटिंग्ज प्रत्येक इनपुटला वेगळी असतात, एचडीआरला (उजेड-काळोखाचा जास्त मोठा पल्ला असलेलं चित्र) आणि डॉल्बी व्हिजन या त्याच्याच एका प्रकारालाही वेगळी. सेट-टॉप बॉक्सवर सगळं नीट केलंत तरी ओटीटी ॲप उघडल्यावर व्हिव्हिड परत हजर असू शकतं. तेव्हा एचडीआरचा एखादा सिनेमा चालू ठेवूनच मेनू पुन्हा उघडा आणि मोड, वॉर्म, मोशन, शार्पनेस हे तिथेही एकदा तपासून घ्या.