‘प्रशासकच बरा होता’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

नाशिकच्या सोसायट्यांच्या ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्याचा गाभा असा: शहराला पावणेचार वर्षं नगरसेवक नव्हते, प्रशासकच कारभार पाहत होता, तरी काही अडलं नाही, उलट कामं भराभर झाली. आता निवडून आलेली मंडळी सिंहस्थ कुंभमेळ्याच्या कामांत खोडा घालणार. सिंगापूर आणि चीन पुढे गेले ते एकहाती कारभारामुळे, म्हणून देशातही अध्यक्षीय पद्धत आणावी. एका दमात चार वेगळे दावे केलेत, म्हणून ते सुटे करूनच पाहावे लागतात.

‘प्रशासक होता तेव्हा राजकारण नव्हतं.’

मुळात महापालिकेचा कारभार नगरसेवक चालवतात ही समजूतच चुकीची आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात कार्यकारी अधिकार आयुक्ताकडे आहेत, आणि नगरसेवक असतानाही ते त्याच्याकडेच असतात. निवडून आलेल्यांकडे राहतं ते मंजुरी देणं आणि जाब विचारणं. आयुक्त अंदाजपत्रक सोळा जणांच्या स्थायी समितीपुढे मांडतो, तिथून ते महासभेत जातं. मोठी कंत्राटंही स्थायीपुढे येतात. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली, तेव्हा स्थायी आणि महासभा या दोघांचेही अधिकार प्रशासकाकडे गेले, आणि प्रशासक म्हणजे खुद्द आयुक्त. प्रस्ताव मांडणारा तोच आणि मंजूर करणाराही तोच. वेग वाढला तो इथे, कारण मधली तपासणीच उरली नाही.

राजकारण मात्र कुठे गेलं नाही, ते गल्लीतून मंत्रालयात पोचलं. आयुक्ताला नेमतं राज्य सरकार, बदलीही तेच करतं. सातपूरच्या रहिवाशाला पाण्याच्या वेळेबद्दल विचारायला पूर्वी नगरसेवकाचं दार होतं. प्रशासकाच्या काळात विभागीय कार्यालयात अर्ज द्यायचा आणि पोच घेऊन परतायचं, एवढंच उरलं.

नगरसेवकांच्या हाती खरी ताकद किती असते, हे नाशिककरांनी २०१८ साली पाहिलं आहे. ज्यावर घरपट्टी ठरते त्या मिळकतींच्या करयोग्य मूल्याचे दर आयुक्तांनी वाढवले, मोकळ्या भूखंडांनाही झळ बसली, शेतकरी रस्त्यावर आले आणि नगरसेवकांनी अविश्वास ठरावाची नोटीस दिली. पाच-अष्टमांश नगरसेवकांनी (१२२ मध्ये ७७) असा ठराव केला तर आयुक्ताला परत बोलावणं सरकारला भाग असतं. त्या ताणात दरवाढीत कपात झाली आणि ठराव मागे घेतला गेला. आयुक्त बरोबर होते की नगरसेवक, यावर आजही वाद घालता येईल. पण हाच आदेश २०२३ मध्ये निघाला असता, तर अविश्वासाची नोटीस द्यायला सभागृहच नव्हतं.

दुसरी बाजूही आहे. स्थायीतली टक्केवारी, एकाच रस्त्याचे तुकडे पाडून काढलेल्या निविदा, प्रभागात गरज नसताना बसवलेले पेव्हर ब्लॉक, हे सगळं मेसेज लिहिणाऱ्याने पाहिलेलं असणार. चीड रास्तच आहे. पण कंत्राट मंजूर करणारे सोळाऐवजी एक झाले म्हणून भ्रष्टाचार संपत नाही, फक्त भेटायची माणसं कमी होतात. आणि निवडणूक लांबली ती कुणी कारभार सुधारायला लांबवली नव्हती. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचे खटले त्यामागे होते. संविधानाच्या कलम २४३-यू प्रमाणे मुदत संपण्याआधी निवडणूक व्हायला हवी. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या असं सांगितलं, त्यानंतरही जानेवारी २०२६ उजाडलं.

‘सिंहस्थाला एकच खंबीर माणूस हवा.’

२०१५ च्या सिंहस्थाच्या वेळी महापालिकेत निवडून आलेलं सभागृह होतं, आणि तेही त्रिशंकू: २०१२ च्या निवडणुकीत सर्वांत मोठ्या पक्षाकडे १२२ पैकी ४० जागा होत्या. तरी स्नानाच्या पर्वण्या झाल्या. २००३ मध्येही सभागृह होतं. त्या वर्षी २७ ऑगस्टला रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद वाटेवर चेंगराचेंगरी झाली आणि ३९ जण गेले. ती अरुंद वाट, उतार आणि गर्दीचं नियोजन यांचा नगरसेवकांच्या ठरावाशी काय संबंध? गोदाकाठची गर्दी सांभाळतात पोलीस आणि जिल्हा प्रशासन.

बरं, आणीबाणीला लागणारी चपळाई कायद्यात आधीपासून आहे. अधिनियमाच्या कलम ६७(३)(क) नुसार अचानक संकट ओढवलं तर आयुक्त मंजुरीची वाट न पाहता पाऊल उचलू शकतो, मात्र लगेच स्थायी समितीला आणि महासभेला कळवावं लागतं. हे कलम गरज नसताना वापरून विनानिविदा कामं देणं, हा त्याचा नेहमीचा गैरवापर. तो पकडायचा तर कळवून घेणारं कुणी तरी बसलेलं हवं. सिंहस्थासाठी तोडायच्या तपोवनातल्या झाडांवरून २०२५ च्या अखेरीस लोकांना थेट आंदोलनच करावं लागलं, कारण सभागृहात प्रश्न मांडायची सोय त्या घटकेला नव्हती.

‘सिंगापूर बघा.’

बघूच. तिथे संसदीय पद्धत आहे, मतदान सक्तीचं आहे आणि निवडणुका नियमित होतात. सत्ताधारी पक्षाला २०२० मध्ये ६१ टक्क्यांच्या आसपास मतं पडली, २०२५ मध्ये साधारण ६५. मतदारसंघांची रचना आणि टीकाकारांवरचे अब्रुनुकसानीचे खटले यांमुळे विरोधकांना मैदान सपाट नाही, हेही खरं. पण लाचखोरी आटोक्यात आली ती एका माणसाच्या धाकाने नव्हे. लाचलुचपत तपासाची यंत्रणा १९५२ ची, म्हणजे पहिले पंतप्रधान ली कुआन यू सत्तेवर येण्याआधीची. पंतप्रधानांनी एखादी चौकशी अडवली तर या यंत्रणेचा प्रमुख राष्ट्राध्यक्षांच्या संमतीने ती पुढे नेऊ शकतो. २०२४ मध्ये एका माजी मंत्र्याला बारा महिन्यांची कैद झाली. नक्कल करायचीच तर याची करावी.

‘चीनमध्ये ठरलं की होतं.’

होतं, चूक असली तरीही होतं. १९५८ नंतरच्या माओंच्या ‘मोठ्या झेपे’त, म्हणजे उत्पादन झपाट्याने वाढवण्याच्या मोहिमेत, खालच्या अधिकाऱ्यांनी वरच्यांना खूश करायला धान्याचे आकडे फुगवले. त्या फुगीर आकड्यांवर सरकारी उचल ठरली आणि गावात खायला उरलं नाही. उपासमारीतल्या मृतांचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत आहेत. पाऊसपाणी हे एकच कारण नव्हतं. आकडा खोटा आहे असं छापणारं वर्तमानपत्र नव्हतं, सभागृहात उठून विचारणारा विरोधक नव्हता. १९७८ नंतरची चीनची भरारी खरी आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण एकहाती सत्तेच्या यादीत हुकूमशहा मोबुतूंचं झैरे (आजचं काँगो) आणि लष्कराखालचा म्यानमारही आहे. मेसेजमध्ये फक्त जिंकलेल्यांची नावं आहेत, आणि आपल्या वाट्याला यांपैकी कोण येईल हे निवडायची सोय या पद्धतीत नसते.

‘अध्यक्षीय पद्धत आणा, सरकार पडणार नाही.’

या दाव्यात दम आहे. एप्रिल १९९९ मध्ये केंद्रातलं सरकार एका मताने पडलं होतं. डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत हाच तराजू मांडला: अमेरिकी पद्धत स्थैर्य जास्त देते, ब्रिटिश पद्धत जबाबदारी जास्त. दोन्ही सारख्या प्रमाणात देणारी पद्धत अजून सापडलेली नाही, आणि मसुद्याने जबाबदारीला झुकतं माप दिलं आहे. संसदीय पद्धतीत सरकारला रोजच हिशेब द्यावा लागतो, अध्यक्षीय पद्धतीत मुख्य हिशेब मुदत संपल्यावर.

सरकार पडत नाही, पण अडतं. अध्यक्ष आणि कायदेमंडळ दोघांनाही वेगळा कौल, त्यामुळे खर्चावर एकमत झालं नाही की अमेरिकेत सरकारी कामकाज बंद पडतं: २०१८-१९ मध्ये ३५ दिवस, २०२५ मध्ये ४३ दिवस. आपल्याकडे अर्थसंकल्प नामंजूर झाला तर सरकारच जातं, कोंडी महिनोन्महिने लटकत नाही. आणि डिसेंबर २०२४ मध्ये दक्षिण कोरियाच्या अध्यक्षांनी रात्री लष्करी कायदा पुकारला, तेव्हा काही तासांत १९० विरुद्ध ० मतांनी तो उठवायला लावला कुणी? मेसेजला वेळखाऊ वाटतं तशाच सभागृहाने.

यासाठी वॉशिंग्टनलाही जायला नको. सिन्नर, येवला, मनमाड या नगरपालिकांच्या मतदारांना छोटी अध्यक्षीय पद्धत ठाऊक आहे: नगराध्यक्षाला थेट मत आणि प्रभागातल्या नगरसेवकांना वेगळं मत. नाशिकचा महापौर मात्र नगरसेवक निवडतात. नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि बहुमत दुसऱ्याचं असं झालं की विषयपत्रिकेवरूनच ओढाताण सुरू होते. नगराध्यक्ष विषय घेत नाही, सभा ठराव फेटाळते, आणि मुख्याधिकारी दोघांच्या मधे फाइल धरून बसतो. राज्याने थेट निवड २०१६ मध्ये आणली, २०२० मध्ये काढली, २०२२ मध्ये पुन्हा आणली.