फेमाच्या (परकीय चलन व्यवस्थापन कायद्याच्या) नोटिशीबद्दल फिरणारा मेसेज: खरं काय, खोटं काय

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं: परकीय चलनाच्या प्रकरणात निर्दोषत्व तुम्हीच सिद्ध करायचं, घरात डॉलर-दिरहम सापडले की थेट तुरुंग, म्हणून नोटिशीला उत्तरच देऊ नका. आखातात मुलं असलेली घरं यामुळे उगाच घाबरली आहेत.

‘निर्दोषत्व तुम्हीच सिद्ध करा’ हे जुन्या फेरा कायद्याचं (१९७३) वर्णन आहे. परवानगी होती, चलन कायदेशीर मार्गानं आलं, हे दाखवण्याचा भार त्याच्या कलम ७१ नं खरोखरच माणसावर टाकला होता. कलम ५९ तर गुन्ह्याचा हेतूही गृहीत धरायचं. १ जून २००० पासून त्याच्या जागी फेमा लागू झाला आणि त्यात कलम ७१ सारखी तरतूद नाही. उल्लंघन झालं हे आधी ईडीनं दाखवायचं. मात्र पैसा कुठून आला हे तुम्हालाच ठाऊक असेल, तर गप्प बसणं अंगाशी येतं. शिवाय कलम ३९ आहेच: तुमच्याकडून जप्त केलेली डायरी किंवा चिठ्ठी, उलट सिद्ध होईपर्यंत, खरी धरली जाते. मेसेज लिहिणाऱ्यानं सांगायला हवं होतं ते हे.

घरातल्या नोटांचं म्हणाल तर सुट्टीवर आलेल्या अनिवासी मुलानं भेट दिलेलं किंवा प्रवासातून उरलेलं चलन २,००० डॉलरपर्यंतच्या मूल्याचं ठेवता येतं.

तुरुंग? फेमा मुळात दंडाचा कायदा आहे. दंड गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत. तो ९० दिवसांत भरला नाही तर दिवाणी कैदेची (वसुलीसाठीच्या कैदेची) वेळ येऊ शकते. परदेशात ठरावीक मर्यादेपलीकडे बेकायदा मालमत्ता ठेवल्यास २०१५ च्या दुरुस्तीनंतर खटलाही होतो. कपाटातल्या चार दिरहमांचा त्याच्याशी संबंध नाही.

उत्तर न देण्याचा सल्ला सगळ्यात घातक. तुम्ही हजर झाला नाहीत तर सुनावणी एकतर्फी चालते, आणि समोर फक्त ईडीचे कागद उरतात. वकील किंवा सीए सोबत नेण्याचा हक्क कलम १६ देतं, तो वापरा. बँकेच्या नोंदी, पासपोर्टवरचे शिक्के, मनीचेंजरची पावती घेऊन जा. निकाल विरुद्ध गेला तर अपिलाला ४५ दिवस असतात. अपील ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाच्या आदेशावर कायद्याच्या मुद्द्यापुरतं ६० दिवसांत उच्च न्यायालयात जाता येतं. बेळगावकरांसाठी ते धारवाड खंडपीठ.