नवसागर, रसायन आणि बिनमाशांची टाकी

सोसायटीच्या सचिवांनी चपला दाराबाहेर नीट काढून ठेवाव्यात, सोफ्यावर बसून दिलेला चहा संपवावा आणि मग घसा खाकरून "तुमच्याकडे हातभट्टी तर चालत नाही ना?" असे विचारावे, हा प्रसंग कोकम सरबतापलीकडे मजल न गेलेल्या माझ्यासारख्या माणसावर गेल्या रविवारी ओढवला. मला आलेला राग अजून ओसरलेला नाही, आणि लिहून काढल्याने तो ओसरेल अशी फारशी आशाही नाही.

माझा अपराध एवढाच की दिवाणखान्यात शंभर लिटरची काचेची टाकी आहे, तिच्यात पाणी, खडे, फिल्टर आणि हीटर आहे, आणि मासे मात्र नाहीत. मासा कल्ल्यांवाटे आणि विष्ठेवाटे अमोनिया बाहेर टाकतो, आणि बंद टाकीत तोच अमोनिया त्याचा जीव घेतो. नदीतळ्यात ही घाण निस्तरणारे जिवाणू आधीपासून असतात; नव्या टाकीत ते वसवावे लागतात. त्यांतील एक जात अमोनियाचे नायट्राइट करते, दुसरी त्या नायट्राइटचे नायट्रेट करते, आणि हे नायट्रेट त्यामानाने निरुपद्रवी असल्यामुळे आठवड्याला थोडे पाणी बदलले की भागते. हे जिवाणू पाण्यात पोहत नसतात, फिल्टरच्या स्पंजवर आणि खड्यांवर बिऱ्हाड करतात. ई. कोलायसारखा जिवाणू अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो, तर या मंडळींना त्यासाठी कित्येक तास, कधी अख्खा दिवस लागतो. त्यामुळे सगळे स्थिरस्थावर व्हायला साधारण 4 ते 6 आठवडे जातात आणि तोवर त्यांना खायला अमोनिया घालावा लागतो. अमोनियाचा सोपा आणि मोजून घालता येण्याजोगा स्रोत म्हणजे अमोनियम क्लोराइड. शंभर लिटर पाण्यात 0.6 ग्रॅमच्या आसपास घातले की अमोनिया 2 पीपीएमच्या (म्हणजे दहा लाख भागांत दोन भागांच्या) घरात जातो, आणि सुरुवातीला तेवढा पुरतो.

अमोनियम क्लोराइड म्हणजे आपला नवसागर. पूर्वी कल्हईवाला तापलेल्या पातेल्यात टाकायचा तोच. परंतु कल्हईवाले आता दिसेनासे झाले असल्यामुळे मराठी माणसाच्या स्मरणात नवसागर उरला आहे तो वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, "गूळ व नवसागरमिश्रित रसायन जागीच नष्ट करण्यात आले" या वाक्यात. रसायनांच्या दुकानदाराने पाकिटावर कंसात, ठळक अक्षरांत, मराठीतून "नवसागर" लिहिण्याचा जो सुज्ञपणा दाखवला, त्याबद्दल मी त्याचा जन्मभर ऋणी राहीन.

"पाकिटावर काय आहे ते मी वाचले नाही," अण्णांनी प्रारंभीच स्पष्ट केले. (सचिवांना आमच्याकडे सगळेच अण्णा म्हणतात.) "दुसऱ्याची पाकिटे वाचायची मला सवय नाही. वॉचमनने वाचले. मी फक्त वजन किती आहे ते पाहत होतो."

मी म्हटले, "अण्णा, ते माशांसाठी आहे."

"उत्तम. मासे कुठे आहेत?"

"अजून आणलेले नाहीत."

अण्णांनी खिशातून छोटी डायरी काढली. मी बोलतो त्याची कोणी नोंद घेऊ लागले की माझे खरे बोलणेही खोटे वाटू लागते, हा माझा जुना अनुभव आहे. ते उठले आणि टाकीवर टाकलेल्या टॉवेलचे टोक त्यांनी दोन बोटांनी उचलले. शेवाळ धरू नये म्हणून मी उजेड अडवला होता. अण्णांच्या चेहऱ्यावरून त्यांनी या झाकपाकीचा निराळाच अर्थ लावलेला दिसत होता. आत किंचित दुधाळ पाणी होते आणि एअर पंपाचे बुडबुडे संथपणे वर येत होते.

"हे उकळते आहे का?"

"नाही, ती हवा आहे. जिवाणूंना प्राणवायू लागतो."

"आणि हा काटा 28 वर कशाला?"

"उबेत ते लवकर वाढतात."

"म्हणजे आंबवता आहात."

"आंबवत नाही, अण्णा. वसवतो आहे."

"नवसागर कोण खातो?"

"जिवाणू."

"दाखवा."

"ते डोळ्यांना दिसत नाहीत."

अण्णांनी डायरीत लिहिले आणि मला ऐकू जाईल अशा बेताने वाचलेही: "मासे, नाहीत. खाणारे, दिसत नाहीत." मग त्यांनी चश्मा कपाळावर चढवला आणि अत्यंत मृदू आवाजात, आपल्या माणसाला सांभाळून घ्यावे तसे विचारले, "गूळ कुठे ठेवता?"

नेमक्या याच क्षणी आमच्या घरातून आवाज आला, "अहो, गूळ संपलाय, कालच सांगितलं होतं तुम्हाला!"

यानंतर मी जे काही सांगितले ते संशयिताचा खुलासा या सदरात मोडत होते. तरीही मी सांगितले. 1890 च्या सुमारास झुरिकमध्ये सर्गेई विनोग्राद्स्की यांनी हे जिवाणू वेगळे करून दाखवले तेव्हा त्यांची गंमतच ही होती की त्यांना गूळ, साखर, पीठ काहीही लागत नाही. निव्वळ अमोनियाच्या क्षारावर आणि पाण्यातल्या कार्बन डायऑक्साइडवर ते जगतात. दारू करणारे ते यीस्ट. त्याला साखर हवी, याला साखरेशी कर्तव्य नाही. अण्णा म्हणाले, "झुरिकमध्ये काय चालते त्याच्याशी आपल्या सोसायटीला देणेघेणे नाही."

म्हणून मी तपासणीचा संच काढला. काचनळीत टाकीतले पाणी घेऊन थेंब टाकले आणि ते आकाशी न राहता गर्द जांभळे झाले, याचा मला मनापासून आनंद झाला, कारण पहिली जात कामाला लागल्याचा तो पुरावा होता.

"जांभळा रंग म्हणजे तयार झाली?"

"नाही, अण्णा. जांभळा म्हणजे नायट्राइट चढलेले आहे. आत्ता मासा सोडला तर ते त्याच्या रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायू वाहून नेण्यालायक ठेवणार नाही आणि तो पाण्यात असून गुदमरेल."

"म्हणजे विषारी," अण्णा म्हणाले, आणि त्यांनी डायरीतल्या त्या शब्दाखाली दोन रेघा ओढल्या.

मला चीड येते ती इथे. अण्णांच्या घरी नातवासाठी आणलेले काचेचे गोल भांडे आहे. त्यात एक गोल्डफिश असतो. "असतो" असे मी म्हणतो, कारण तो तोच नसतो. भांड्यातले सगळे पाणी काकू रोज सकाळी ओतून टाकतात आणि क्लोरीनचा वास येणारे नळाचे पाणी भरतात. मासा पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करतो, नातू "आजोबा, तो बोलतोय" म्हणून टाळ्या पिटतो, आणि काही दिवसांनी भांड्यात नवा मासा येतो. गोल्डफिश नीट सांभाळला तर दहा वर्षांहून अधिक सहज जगतो, हे मी एकदा सांगितले तेव्हा अण्णा म्हणाले होते, "माशाचे आयुष्यच ते केवढे!" या मृत्यूंची डायरीत नोंद नाही. ज्या दुकानातून मी टाकी घेतली त्या दुकानदारानेही टाकीबरोबर त्याच दिवशी मासे घ्यायचा आग्रह धरला होता, "पाणी एक रात्र ठेवा आणि सोडा, मेले तर बदलून देऊ." एक रात्र ठेवल्याने फार तर क्लोरीन उडेल, जिवाणू कुठून उपटतील? परंतु मेल्यावर बदलून देण्याची ही उदारता त्याला परवडते, कारण दर खेपेला गिऱ्हाईक माशाबरोबर औषधाची एक बाटलीही नेते. त्याच्याकडे तयार जिवाणूंचीही बाटली होती, आणि तिच्यावर नायट्रोबॅक्टर असे दिमाखात छापलेले होते. गोड्या पाण्याच्या टाक्यांत नायट्राइटचे काम प्रामुख्याने नायट्रोस्पायरा करतो हे 1998 मध्येच प्रसिद्ध झाले आहे. बाटलीपर्यंत ती बातमी अजून पोहोचलेली नाही. मासे मारणे हा छंद समजला जातो आणि मासे मरू नयेत म्हणून थांबणे हा उत्पादन शुल्क विभागाचा विषय होतो, हे मला पटत नाही.

जाताना अण्णा थोडे निवळले. "जिवाणूच हवे असतील तर नवसागर कशाला? दही घाला," असे ते म्हणाले, आणि संध्याकाळी काकूंनी खरोखरच वाटीभर विरजण पाठवले. दह्यातले जिवाणू दुधातल्या साखरेवर जगतात आणि टाकीत त्यांचा उपयोग पाणी नासवण्यापुरताच झाला असता, हे काकूंना सांगण्याचे धैर्य मला झाले नाही. आम्ही कढी केली.

सोमवारी फलकावर सूचना लागली: "सदनिकेत कोणतेही रसायन साठवू, तापवू अथवा वसवू नये." हा "वसवू" माझ्याकडूनच उचललेला होता. मंगळवारी मीटर-रूमच्या दुरुस्तीसाठी मेन स्विच सबंध दुपार कोणतीही सूचना न देता बंद ठेवला. फिल्टर थांबला की स्पंजमधले पाणी खेळत नाही, प्राणवायू संपतो आणि महिनाभर जोपासलेली वसाहत काही तासांत खचू लागते. मी पिठाच्या चाळणीचा हातपंखा करून टाकीच्या पृष्ठभागावर वारा घालत उभा असताना वरच्या मजल्यावरच्या दोन मुली दारातून हे दृश्य पाहून पळाल्या. बुधवारी मी रीतसर अर्ज दिला की वीज बंद करण्यापूर्वी किमान एक दिवस कळवावे, अन्यथा टाकीतील सजीवांच्या जिवाला धोका संभवतो.

उत्तर शुक्रवारी आले, शिक्क्यासह. सदर सदनिकेची सचिवांनी प्रत्यक्ष पाहणी केली असता टाकीत एकही सजीव आढळून आला नाही, सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे.